इंग्रजीतील अव्यययुक्त क्रियापदे व त्यांची आइसलँडी प्रतिरूपे : साम्य आणि साक्ष

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात आइसलँडमध्ये रचल्या गेलेल्या 'गुन्नलाउगाची सागा' ह्या गद्यकथेत 'सर्पजिव्ह' असे उपपद मिरविणारा एक तरुण आइसलँडी कवी लंडनला राजा एथेलरेड याच्या दरबारी जातो आणि आपले स्तुतिकाव्य त्यास म्हणून दाखवितो. राजास ते समजते. दुभाष्याची गरज कोणालाच भासत नाही. वाचकास ह्याचे आश्चर्य वाटू नये म्हणून कथाकार मध्येच सांगून टाकतो की, त्या काळी इंग्लंडची भाषा व नॉर्वे-डेन्मार्कची भाषा एकच होती आणि विल्यमने इंग्लंड जिंकल्यानंतरच ती पालटली. ह्याहून शतकभर जुन्या अशा एका आइसलँडी व्याकरणनिबंधाच्या निनावी कर्त्यानेही इंग्रज व आपण एकाच भाषेचे आहोत, मग दोहोंपैकी एकीत अथवा दोहोंतही कितीही फरक पडलेला असो, असे म्हटले आहे. तो निबंध बाराव्या शतकाच्या मध्याचा असून 'पहिला व्याकरणनिबंध' ह्या नावाने अभ्यासकांस परिचित आहे.

दोन्ही विधाने शब्दशः खरी नाहीत. प्राचीन इंग्रजी ही पश्चिम जर्मानिक शाखेची, तर आइसलँडीची जननी असलेली प्राचीन नॉर्स ही उत्तर जर्मानिक शाखेची भाषा होय. तथापि ती निराधारही नाहीत. मॅथ्यू टाउनेंड यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्थलनामांची व इतर पुराव्यांची छाननी करून असा निष्कर्ष काढला की, नवव्या-दहाव्या शतकांत इंग्लंडमधील इंग्रज व व्हायकिंग वसाहतवाले आपापली भाषा बोलूनच एकमेकांचा व्यवहार समजून घेत असावेत. ह्या परस्परबोधाचा एक अवशेष म्हणून आजच्या इंग्रजीतील ज्या रचनेकडे वारंवार बोट दाखविले जाते, ती रचना म्हणजे क्रियापदापुढे 'अप', 'आउट', 'ऑफ' यांसारखे अव्यय जोडून नवा अर्थ सिद्ध करणारी अव्यययुक्त क्रियापदे. तिचे आइसलँडी प्रतिरूप इतके जवळचे आहे की, इंग्रजीने ही रचना नॉर्सकडून घेतली असे म्हणण्याचा मोह सहज होतो. हा मोह कितपत समर्थनीय आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. (आइसलँडी व प्राचीन इंग्रजी शब्द येथे उच्चाराला नव्हे, लेखनाला धरून दिले आहेत.)

आधी साम्य कोठवर जाते ते पाहू. इंग्रजी 'बर्न अप' यास आइसलँडीत 'ब्रेन्ना उप्प', 'ईट अप' यास 'येता उप्प', 'लुक अप टू' (एखाद्यास आदराने पाहणे) यास 'लीता उप्प तिल', 'कट डाउन' यास 'स्केरा निदुर'. अव्ययाचा मूळ दिशावाचक अर्थ दोन्हीकडे सारखाच विरत जातो. जळताना वस्तू वर जात नाही, खाताना अन्न खाली जाते. तरीही दोन्ही भाषा 'वर' असेच म्हणतात, आणि अभिप्रेत असतो तो क्रियेच्या पूर्णत्वाचा अर्थ. मराठी भाषकाला ह्यात गूढ असे काही वाटू नये. 'जाळून टाकणे', 'खाऊन टाकणे' ह्या प्रयोगांत कोणीही काहीही फेकत नाही. जे काम मराठी दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते, ते इंग्रजी व आइसलँडी अव्ययाकडून करून घेतात, इतकेच.

साम्य केवळ अर्थाचे नाही, पदक्रमाचेही आहे. 'टेक अप द बुक' व 'टेक द बुक अप' हे दोन्ही क्रम इंग्रजीत चालतात. परंतु कर्म सर्वनाम असेल तर 'टेक इट अप' हा एकच क्रम शक्य आहे. आइसलँडीतही नेमके हेच घडते. 'ताका उप्प बोकिना' व 'ताका बोकिना उप्प' ('बोकिना' म्हणजे ते पुस्तक) असे दोन्ही क्रम चालतात, पण सर्वनाम आले की ते अव्ययाच्या आधीच बसते. आता आइसलँडीच्या बहिणींकडे पाहावे. डॅनिशमध्ये कर्म, मग ते नाम असो वा सर्वनाम, अव्ययाच्या आधी येते. स्वीडिशमध्ये दोन्ही प्रकारची कर्मे अव्ययानंतर येतात. म्हणजे ह्या एका बाबतीत इंग्रजी व आइसलँडी यांचे एकमेकींशी जेवढे जमते, तेवढे आइसलँडीचे तिच्या सख्ख्या बहिणींशीही जमत नाही. नॉर्वेजियनमध्ये मात्र इंग्रजी-आइसलँडीप्रमाणेच दोन्ही क्रम आढळतात.

एवढ्या साम्यावरून ऋणाचा निष्कर्ष काढावयाचा, तर पहिली अडचण शेजारूनच उभी राहते. 'गिव्ह अप' ह्या अर्थी जर्मनमध्ये 'आउफगेबेन' आणि डचमध्ये 'ओपगेव्हेन' असे शब्द आहेत. घटक तेच, अर्थही तोच. ह्या भाषांत अव्यय कधी क्रियापदाच्या आधी चिकटते, तर मुख्य वाक्यात सुटून शेवटी जाते. जर्मनवर व्हायकिंगांनी राज्य केले नव्हते. तेव्हा घटकांचे व अर्थाचे साम्य हे समाईक जर्मानिक वारशाचे असू शकते, हे प्रथम मान्य करावयास हवे. किंबहुना हा वारसा जर्मानिक कुळाच्याही पलीकडचा आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात (सूत्रे ८० ते ८२) उपसर्गांचे स्थान धातूच्या आधी सांगितले आहे. पण लगेच, वेदात ते धातूनंतरही येतात आणि मध्ये दुसरी पदे ठेवूनही येतात, अशी पुस्ती जोडली आहे. वैदिक भाषेतील ती सुटी अव्यये पुढे अभिजात संस्कृतात धातूला कायमची जडली. जर्मानिक भाषांत ह्याच जुन्या सामग्रीचे काय झाले, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येक भाषेत निराळे आहे.

नॉर्समध्ये काय झाले ते बरेचसे स्पष्ट आहे. साधारणतः सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान उत्तरेकडील भाषेत आघातहीन अवयव मोठ्या प्रमाणावर गळून पडले. आघात धातूवर असल्याने त्याच्या आधीचे दुर्बल उपसर्ग ह्या झडतीत नाहीसे झाले. गॉथिकमध्ये 'गा-' व प्राचीन इंग्रजीत 'गे-' ह्या रूपांत विपुलतेने दिसणारा उपसर्ग नॉर्समध्ये उरला तो 'ग्रान्नी' (शेजारी) अशा काही शब्दांच्या पहिल्या व्यंजनापुरता; तेथे तो उपसर्ग आहे हे बोलणाऱ्यास ठाऊकही नसते. एड्डा काव्यांत क्रियापदांच्या आधी येणारे 'ओफ' वा 'उम' हे अर्थशून्य अव्यय अशाच लुप्त उपसर्गांच्या रिकाम्या जागा राखून आहे, असे हान्स कून यांनी १९२९ मध्ये दाखविले. उपसर्ग गेले, परंतु त्यांनी दर्शविलेला अर्थभेद भाषेला हवाच होता. ते काम आघातयुक्त, स्वतंत्र अव्ययांकडे आले. आणि क्रियापद कर्माच्या आधी येऊ लागलेल्या भाषेत त्यांची स्वाभाविक जागा क्रियापदानंतरची होती. म्हणून तेराव्या शतकातील सागांच्या गद्यात आढळणारी अव्यययुक्त क्रियापदांची समृद्धी ही अकस्मात उद्भवलेली नाही. तिच्यामागे पाचसहाशे वर्षांचा इतिहास आहे.

प्राचीन इंग्रजीत ही झडती झाली नाही. तेथे 'फोर-', 'तो-', 'ओफ-', 'आ-', 'गे-' हे उपसर्ग जिवंत होते. आज ज्या अर्थी 'बर्न अप' म्हणतात त्या अर्थी तेव्हा 'फोरबेर्नन', 'ब्रेक अप' ह्या अर्थी 'तोब्रेकन' आणि त्यागून जाणे ह्या अर्थी 'ओफगिएफन' असे शब्द होते. 'ऊप', 'ऊत' ही अव्ययेही होती, व ती क्रियापदानंतरही येत. परंतु बहुतेक ठिकाणी त्यांचा अर्थ खरोखरीच 'वर' आणि 'बाहेर' असा, दिशेचा असे. पूर्णत्वाचा वा लाक्षणिक अर्थ त्यांना पुढे आला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस पाहावे तर चित्र उलटलेले आहे : बहुतेक उपसर्ग निर्जीव झाले आहेत आणि अव्यये त्यांच्या गादीवर बसली आहेत. संक्रमणाचा काळ हा बाराव्या-तेराव्या शतकांचा, म्हणजे व्हायकिंग वसाहतीनंतरचा. डॅनिश सैन्य ८६५ साली इंग्लंडात उतरले, ८७६ साली नॉर्दंब्रियातील जमीन त्याने आपसांत वाटून घेतली, आणि पूर्व व उत्तर इंग्लंडचा मोठा प्रदेश 'डेनलॉ' म्हणजे डेन लोकांच्या कायद्याचा मुलूख ठरला. कालक्रम ऋणवादाला अनुकूल आहे, ह्यात शंका नाही.

ह्या संक्रमणाचा सर्वांत बोलका साक्षीदार ह्याच मुलखातला आहे. पीटरबरो येथील मठात अँग्लो-सॅक्सन इतिवृत्ताची नोंद इतर सर्व ठिकाणांहून अधिक काळ, ११५४ पर्यंत, चालू राहिली. तिच्यातील ११३७ ह्या वर्षाच्या नोंदीत राजा स्टीफनने सॉल्सबरीचा बिशप रॉजर, लिंकनचा बिशप अलेक्झांडर व राजाचा चान्सलर यांना कैद केल्याचा आणि आपले किल्ले स्वाधीन करीपर्यंत त्यांना सोडले नसल्याचा उल्लेख आहे. (प्रत्यक्षात ही घटना ११३९ ची, नोंद करणाऱ्याने स्टीफनच्या कारकिर्दीतील अनेक गोष्टी एकाच वर्षाखाली गोळा केल्या आहेत.) 'स्वाधीन केले' ह्यासाठी त्याने वापरलेले शब्द आहेत 'याफेन उप'. येथे 'वर' दिशेचा लवलेशही नाही. हे आजचे 'गेव्ह अप' होय.

ह्या दोन शब्दांकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. कारण वादाचा निकाल त्यांच्यात दडलेला नसला, तरी वादाची मर्यादा त्यांत दडलेली आहे. आजच्या इंग्रजीतील 'गिव्ह' ह्या शब्दाचा आरंभीचा 'ग' हा नॉर्सच्या प्रभावाचा आहे. देशी इंग्रजी रूपात तो 'य' असा उच्चारला जाई; चौसरही ह्या क्रियापदाची 'य'ने आरंभ होणारी रूपे वापरतो. पीटरबरोच्या लेखनिकाने 'याफेन' असे लिहिले, म्हणजे त्याच्या हातून उतरले ते अस्सल इंग्रजी क्रियापद. 'उप' हे अव्ययही दोन्ही भाषांत समाईक असून त्याला इंग्रजीत परके म्हणता येत नाही. तेव्हा सामग्री संपूर्णपणे इंग्रजी आहे. नॉर्सचे काही असलेच तर ते त्या सामग्रीच्या मांडणीत आणि अर्थात आहे. आणि मांडणीवर मूळ देशाची मुद्रा उमटलेली नसते. उसना शब्द ध्वनीवरून पकडता येतो. 'स्काय', 'एग', 'दे' हे शब्द नॉर्स आहेत हे ध्वनिनियम सांगतात. उसनी रचना अशा रीतीने पकडता येत नाही. 'गिव्ह' ह्या क्रियापदाचा 'ग' आपले कुळ सांगतो. त्याच्या मागचे 'अप' मुके आहे.

अभ्यासकांत म्हणूनच एकवाक्यता नाही. ह्या क्रियापदांचे वेगळेपण फार पूर्वी लक्षात आलेले आहे. सॅम्युएल जॉन्सनने आपल्या १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेत, परकीयांना ह्या संयोगांइतके दुसरे काही अवघड जात नसावे अशा आशयाचे मत नोंदवून ते कोशात काळजीपूर्वक घेतल्याचे सांगितले आहे. आर्थर केनेडी यांचा स्वतंत्र प्रबंध १९२० चा. आणि आज रूढ असलेले इंग्रजी पारिभाषिक नाव लोगन पीअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ च्या ग्रंथामुळे प्रचारात आले. ऐतिहासिक बाजूने रिस्टो हिल्टुनेन यांनी १९८३ मध्ये उपसर्गांचा ऱ्हास व अव्ययांचा उदय यांचा एकत्र अभ्यास केला. डेव्हिड डेनिसन यांनी १९८५ मध्ये पूर्णत्वदर्शक 'अप'चा माग काढला. वादाला खरी धार आली ती २०१४ मध्ये. त्या वर्षी जोसेफ इमंड्स व यान टेर्ये फार्लुंड यांनी मध्ययुगीन इंग्रजी ही प्राचीन इंग्रजीची कन्याच नव्हे, तर ती इंग्रजी शब्दसंपत्ती स्वीकारलेली उत्तर जर्मानिक भाषा आहे, असा धाडसी सिद्धांत मांडला. त्यांच्या पुराव्यांत क्रियापदानंतर येणाऱ्या अव्ययांना मानाचे स्थान होते. क्रिस्टिन बेक व जॉर्ज वॉकडेन यांनी २०१६ मध्ये त्याला सविस्तर उत्तर देऊन इंग्रजी अद्यापि पश्चिम जर्मानिकच आहे असे प्रतिपादिले. तत्पूर्वी २०१२ मध्येच श्टेफान थिम यांनी ही रचना जर्मानिक वारशाचे अखंड सातत्य असून इंग्रजीत कर्म-क्रियापद हा क्रम जाऊन क्रियापद-कर्म हा क्रम आल्यावर अव्यय आपोआप क्रियापदामागे स्थिरावले, असे दाखविले होते.

इमंड्स-फार्लुंड यांचा सिद्धांत पुराव्याला पेलवणारा नाही, असेच म्हणावे लागते. एका रचनेच्या, किंवा अशा चारदोन रचनांच्या बळावर भाषेचे कूळ बदलता येत नाही. परंतु थिम यांचे म्हणणे पूर्णतः स्वीकारले, तरी एक प्रश्न उरतो. सामग्री वारशाची, क्रम अंतर्गत विकासाचा. मग लाक्षणिक अर्थाची ठळक उदाहरणे पीटरबरोसारख्या डेनलॉच्या भूमीत इतक्या आरंभी का दिसावीत? ह्यावर असे सुचविता येईल की नॉर्सने इंग्रजीला काही दिले नसून इंग्रजीजवळ असलेल्या दोन पर्यायांपैकी एकाचे पारडे जड केले. शेजारी राहणाऱ्या इंग्रजाच्या व डेनच्या बोलण्यात धातू बहुधा समाईक होते, 'ऊप'-'ऊत' समाईक होती. समाईक नव्हते ते इंग्रजीचे उपसर्ग. डेनच्या कानाला 'फोरबेर्नन' मधले 'फोर' अनोळखी, 'बेर्नन' ओळखीचे. बाजारात, वाटणीत, लग्नसंबंधात दोघांना जे सहज कळे ते टिकावे आणि जे अडखळवी ते मागे पडावे, हे स्वाभाविक होय. ह्या अनुमानाला प्रत्यक्ष पुरावा जोडणे कठीण आहे, हे खरे. मात्र बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात, डेनलॉच्याच लिंकनशरमध्ये, 'ओर्म' असे नॉर्स नाव धारण करणाऱ्या धर्मोपदेशकाने लिहिलेला 'ओर्म्युलम' हा विस्तृत पद्यग्रंथ नॉर्स सर्वनामे व नॉर्स शब्द किती सहजपणे वापरतो ते पाहता, असा संमिश्र भाषाव्यवहार त्या प्रदेशात नित्याचा होता एवढे तरी म्हणता येते.

नामसिद्धीचा विचार केला की दोन्ही भाषांचे मार्ग वेगळे होताना दिसतात. आइसलँडीत 'गेफा ऊत' (प्रसिद्ध करणे, शब्दशः 'बाहेर देणे') ह्या क्रियापदाचे नाम 'ऊतगाफा' (प्रकाशन, आवृत्ती), 'बेरा फ्राम' (उच्चारणे) याचे 'फ्रामबुर्दुर' (उच्चार), 'हाल्दा आफ्राम' (पुढे चालू ठेवणे) याचे 'आफ्रामहाल्द' (सातत्य). क्रियापदात मागे असलेले अव्यय नामात पुढे येऊन चिकटते. 'गेफास्त उप्प' म्हणजे हार मानणे. त्याचे नाम 'उप्पग्योफ' (शरणागती) आणि त्याच कुळातले धातुसाधित विशेषण 'उप्पगेफिन', ज्याचा आजचा अर्थ फक्त 'थकून गेलेला' असा आहे. दिवसभराच्या कामाने दमलेला आइसलँडी माणूस आपल्याविषयी सांगताना, नकळत, किल्ला स्वाधीन केलेल्या बिशपाचाच शब्द वापरतो. इंग्रजीतही हा जुना मार्ग आहे : 'ब्रिंग अप' याचे 'अपब्रिंगिंग', तसेच 'आउटब्रेक', 'इन्कम'. आइसलँडीत 'आला उप्प' (वाढविणे, संगोपन करणे) याचे 'उप्पेल्दी' हे नाम 'अपब्रिंगिंग'चे तंतोतंत प्रतिरूप होय. परंतु इंग्रजीने पुढे दुसरी वाट काढली. 'टेकओव्हर', 'ब्रेकडाउन', 'ब्रेकआउट' ह्या नामांत अव्यय मागेच राहते. एकाच धातूपासून 'आउटब्रेक' व 'ब्रेकआउट' अशी निरनिराळ्या अर्थांची नामे इंग्रजीत नांदतात. आइसलँडी जुन्या वाटेवरच आहे.

आइसलँडीला हे जुनेपण फुकट मिळालेले नाही. १२६२ पासून नॉर्वेच्या आणि १३८० पासून डॅनिश राजसत्तेखाली असलेल्या ह्या बेटावर, हान्सा व्यापारामुळे उत्तर युरोपभर पसरलेल्या लो जर्मनचे उपसर्ग डॅनिशच्या मार्गे उलटून आले. जे उपसर्ग नॉर्सने हजार वर्षांपूर्वी टाकून दिले, तेच 'बे-' आणि 'फोर-' ह्या रूपांत राजपत्रांतून, न्यायालयीन लेखांतून आणि धर्मसुधारणेनंतरच्या धार्मिक वाङ्मयातून परतले. पैसे देणे याला 'बेताला' म्हणू लागले. डॅनिश, स्वीडिश व नॉर्वेजियन यांनी ते कायमचे स्वीकारले. आइसलँडमध्ये मात्र अठराव्या शतकातील एग्गर्ट ओलाफसन, पुढे १८१३ ते १८१५ ह्या काळात बेटावर राहून गेलेला डॅनिश भाषापंडित रास्मुस रास्क, आणि १८३५ मध्ये सुरू झालेल्या 'फ्योल्निर' नियतकालिकाचे कोनराद गीसलासन, योनास हाल्ग्रीमसन यांच्यासारखे संपादक यांच्या प्रयत्नांनी भाषाशुद्धीचा प्रवाह बळावला. मराठी वाचकाला अशा चळवळीची ओळख आहे. फरक एवढाच की आइसलँडमध्ये ती जवळजवळ पूर्ण यशस्वी झाली. 'बेताला' गेले आणि 'बोर्गा' राहिले. उपसर्ग हटताच अव्यययुक्त क्रियापदांचे क्षेत्र त्यांना परत मिळाले. म्हणजे आज इंग्रजीशी जे साम्य दिसते, त्याचा काही भाग तरी एकोणिसाव्या शतकातील जाणीवपूर्वक पुनर्रचनेचा आहे. तुलना करणाऱ्याने हे विसरून चालत नाही.

कोशकाराला साम्यापेक्षा विसंगतीचा त्रास अधिक. इंग्रजी 'टेक आफ्टर' म्हणजे आईबापांच्या वळणावर जाणे. घटकशः त्याच्याशी जुळणारे आइसलँडी 'ताका एफ्तिर' म्हणजे लक्षात येणे. 'लुक आउट' म्हणजे सावध राहणे. 'लीता ऊत' म्हणजे दिसणे, भासणे. 'होल्ड अप' म्हणजे खोळंबा करणे वा वाटमारी करणे; 'हाल्दा उप्प आ' म्हणजे वाढदिवसादी साजरे करणे. रूप जितके जवळचे तितका धोका मोठा. उलट, अर्थाने जुळणारी प्रतिरूपे पुष्कळदा वेगळ्याच साच्यातली असतात : 'फाइंड आउट' यास 'कोमास्त आद', 'कम अक्रॉस' यास 'रेकास्त आ' (शब्दशः 'वाहत जाऊन आदळणे'), आणि तीन पदांच्या 'पुट अप विथ' यास 'सैत्ता सिग विद', म्हणजे एखाद्या गोष्टीशी स्वतःचा समेट घडवून आणणे. ह्यांत आइसलँडीने जपलेली आत्मनेपदासारखी '-स्त' प्रत्ययाची रूपे व निजवाचक सर्वनामे जे काम करतात, ते इंग्रजीत करणारे काही उरलेले नाही. एकट्या 'गिव्ह अप' ह्या प्रयोगाचीच किती वाटणी होते पाहावे. झुंज सोडणे असेल तर 'गेफास्त उप्प'. तंबाखू सोडणे असेल तर 'हैत्ता', आणि तेथे 'उप्प' चालत नाही. पोलिसांच्या स्वाधीन होणे असेल तर 'गेफा सिग फ्राम', म्हणजे 'स्वतःला पुढे देणे'. प्राण सोडणे असेल तर मात्र पुन्हा 'गेफा उप्प', त्यापुढे श्वासवाचक शब्द.

ही वाटणी कोशात उतरविण्याचे काम इंग्लंडच्या रिचर्ड क्लीझबी यांनी कोपनहेगन येथे १८४० मध्ये आरंभिले. ते १८४७ मध्ये वारले. अपुरे साहित्य गुडब्रांदुर विगफुसन ह्या आइसलँडी विद्वानाने सिद्धीस नेले आणि १८७४ मध्ये ऑक्सफर्डहून आइसलँडी-इंग्रजी कोश पूर्ण झाला. त्यातील 'ताका', 'लेग्ग्या' यांसारख्या क्रियापदांच्या नोंदी अव्ययवार पोटभेदांमुळे लांबच लांब झाल्या आहेत. उलट दिशेचा, म्हणजे इंग्रजी-आइसलँडी कोश गेइर झोएगा यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केला.

वाक्प्रचारांच्या क्षेत्रात आल्यावर वंशसाम्याचा धागा बराच विरळ होतो, आणि दिसू लागते ती भूमी. आइसलँडीत हार मानणारा 'वल्ही होडीत ठेवतो', खर्च आवरणारा 'शिडे गोळा करतो', पुढाकार घेणारा 'प्रथम उतारावर घोडा घालतो'. पूल नसलेल्या नद्यांच्या देशात हा शेवटचा वाक्प्रचार कसा निपजला असेल, ते सांगावयास नको. ज्याला विषयाची गंधवार्ताही नाही तो 'डोंगरावरून येतो'. जेथे मुबलक आहे तेथेच आणखी नेणे याला इंग्रज 'न्यूकॅसलला कोळसा नेणे' म्हणतो, आइसलँडर 'काठोकाठ भरलेल्या ओढ्यात ओतणे' म्हणतो.

जेथे प्रतिमा जुळतात, तेथे वाट बहुधा खंडातून आलेली असते. न पाहता माल विकत घेण्याला इंग्रज 'पोत्यातले डुक्कर घेणे' म्हणतो. आइसलँडीत पोते तेच, पण आत मांजर आहे, आणि तेच मांजर डॅनिश व जर्मन पोत्यांतही आहे. इंग्रजाचे एका दगडात दोन पक्षी मरतात, आइसलँडराच्या एका फटक्यात दोन माश्या. जर्मन व डॅनिश लोकही माश्याच मारतात. म्हणजे क्रियापदांच्या रचनेत इंग्रजीच्या जवळ असलेली भाषा वाक्प्रचारांत डेन्मार्कच्या पंक्तीला बसते. उंटाची कथा तर अधिकच चमत्कारिक. इंग्रजीत शेवटच्या काडीने उंटाची पाठ मोडते. आइसलँडीत त्याच प्रसंगी 'मापटे भरून टाकणारा दाणा' येतो, उंट येत नाही. पण राईचा पर्वत करणे ह्या अर्थी इंग्रज चिचुंद्रीच्या उकिराचा डोंगर करतो, तर आइसलँडर 'चिलटाचा उंट' करतो. त्याचा उंटवाचक शब्द 'उल्फाल्दी' हा गॉथिक 'उल्बांदुस' याचा आप्त असून प्राचीन इंग्रजीतही 'ओल्फेन्द' असा त्याचा भाऊ होता; इंग्रजीने त्याला सोडून लॅटिनचा शब्द पत्करला. चिलट आणि उंट एकत्र आणले ते मत्तयाच्या शुभवर्तमानाने. ह्या देशी वाक्संपत्तीचा शास्त्रीय अभ्यास हाल्दोर हाल्दोरसन यांच्या १९५४ च्या प्रबंधाने घडला, व योन फ्रिद्योनसन यांचा मोठा वाक्प्रचारकोश १९९३ मध्ये निघाला.

इंग्रजी व आइसलँडी यांचा दुसरा निकट सहवास १० मे १९४० रोजी, ब्रिटिश सैन्य रेक्याविकला उतरले तेव्हा सुरू झाला. १९४१ मध्ये अमेरिकन आले. १९५१ च्या करारान्वये केफ्लाविक येथे त्यांचा तळ राहिला, तो २००६ पर्यंत. तळावरील दूरचित्रवाणी आसपासच्या घरांत दिसू लागली तेव्हा १९६४ मध्ये साठ नामवंत नागरिकांनी तिच्याविरुद्ध अल्थिंग ह्या संसदेकडे विनंती केली. त्याच वर्षी आइसलँडी भाषा समितीही स्थापन झाली. आता प्रवाह उलट दिशेचा आहे, आणि तो शब्दांपेक्षा रचनांतून अधिक वाहतो. निरोप घेताना 'तुझा दिवस चांगला जावो' अशा इंग्रजी धाटणीचे वाक्य आइसलँडीत रुळले असून त्यावर टीकाही झाली आहे. सरतेशेवटी ह्या अर्थी 'सगळे बुडाशी उलटे केल्यावर' असा ठसकेबाज देशी प्रयोग असताना 'दिवसाच्या अखेरीस' हे इंग्रजीचे भाषांतर ऐकू येते. परंतु सूत्रे हाती घेणे ह्या अर्थी, जुन्या 'ताका विद' ऐवजी येणाऱ्या 'ताका इफिर' ह्या प्रयोगापाशी अभ्यासकाला पुन्हा थांबावे लागते. 'ताका' देशी, 'इफिर' देशी. हा साचा इंग्रजी 'टेक ओव्हर' ह्याचा म्हणावा, की ज्यावरून 'इफिरताका' हा चिकटलेला शब्द पूर्वीच आला होता त्या डॅनिशचा? रूप येथेही मुके आहे. आइसलँडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी नियतकालिके संगणकावर शोधण्याजोगी करून ठेवली आहेत, त्यामुळे हा प्रयोग कोणत्या वर्षी, कोणत्या पत्रात आणि कोणत्या भाषेतील बातमीच्या आधारे प्रथम छापला गेला, हे अंकवार तपासता येते. पीटरबरोच्या लेखनिकाविषयी अशी सोय नाही.